वारली चित्रसंच: चाळीस मुलांच्या वर्गाला डबा घ्यावा की सुटं सामान?

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र लागलं की कोल्हापुरात महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी इथल्या स्टेशनरीच्या दुकानांत ‘वारली आर्ट किट’चे डबे पुढे येतात. स्नेहसंमेलनाची प्रदर्शनं याच काळात असतात आणि शाळा चाळीस-चाळीस डबे एकदम उचलतात. डब्यावरचं नाव दुकानागणिक बदलतं, आतला माल जवळपास तोच असतो. म्हणून हा अभिप्राय कुठल्या एका कंपनीचा नाही, त्या एकाच साच्यातल्या डब्याचा आहे, आणि पाचवी ते सातवीच्या वर्गात तो कितपत कामाचा आहे याचा आहे.

निकाल आधीच सांगतो. घरी एखाद्या मुलाला पावसाळ्यातल्या एका दुपारी गुंतवायचं असेल तर डबा ठीक. पण वर्गात वारली समाजाची आणि त्यांच्या चित्रांची ओळख करून द्यायची असेल, तर तेवढ्याच काय, निम्म्याहून कमी पैशांत कितीतरी चांगलं काम होतं. ते कसं, हेही सविस्तर लिहितो.

डब्यात साधारण असं असतं: तपकिरी रंगात छापलेली ए-फोर आकाराची चार कार्डं, एमडीएफचे दोन कोस्टर, पांढऱ्या अ‍ॅक्रेलिकची एक छोटी ट्यूब, नायलॉनचे दोन ब्रश, प्लास्टिकची एक स्टेन्सिल पट्टी आणि एक माहितीपत्रक. किंमत तीनशे ते चारशेच्या घरात. ब्रश शून्य नंबरचा म्हणून दिलेला असतो, पण त्याचे केस दुसऱ्या चित्राला फाकतात. ट्यूबेतला रंग मात्र बरा असतो, दाट आणि चांगला झाकणारा. कार्डाचं म्हणाल तर ते चकचकीत असतं. त्यावर पातळ रंग थेंब धरून राहतो, पसरत नाही, आणि जाड लावला तर वाळल्यावर नखानं सुटतो. मुलं चित्र दप्तरात घालून घरी नेतात आणि बाहेर काढतात तेव्हा कार्ड एकीकडे, रंगाची खपली दुसरीकडे.

ही झाली वस्तूची तक्रार. खरी अडचण स्टेन्सिलची आहे.

पट्टीवर सहा-सात आकृत्या कापलेल्या असतात: पुरुष, बाई, झाड, झोपडी, बैल, सूर्य आणि एक वाद्यवाला. सगळी माणसं एकाच मापाची, उभी, उजवीकडे तोंड केलेली. आता या पट्टीनं तारपा नाच काढून बघा. वारली चित्रात तारपा वाजवणारा आत असतो आणि नाचणारी माणसं एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती वळत जातात, गोगलगाईच्या शंखासारखी. त्या वळणात प्रत्येक माणूस वळणाच्या रेघेवर उभा असतो. म्हणजे वरच्या बाजूची माणसं सरळ, बाजूची आडवी, खालच्या टोकाची थेट उलटी दिसतात. पट्टी धरून काढणारं मूल मात्र सगळ्यांना सरळ उभं करतं. मग रांग वळते पण माणसं वळत नाहीत आणि नाच संपून प्रार्थनेची रांग उरते. चित्रकाराला हे वळण सहज जमतं, कारण तो कागद किंवा कापड जमिनीवर पसरून बसतो आणि कामाप्रमाणे कापड फिरवतो. बाकावर ए-फोर कार्ड सरळ ठेवून बसलेल्या मुलाला ते सुचणारच नाही. म्हणून पहिली सूचना फुकटची आहे: बाक कडेला सरकवा, मुलांना खाली बसवा, आणि काढताना कापड गोल फिरवायला सांगा. एवढ्या एका बदलानं सहावीच्या मुलांचा नाच नाचायला लागतो.

पट्टीवरचा वाद्यवालाही फसवा आहे. बहुतेक डब्यांत तो सनई धरल्यासारखा दिसतो. तारपा म्हणजे वाळवलेल्या दुधी भोपळ्याचा फुगीर भाग, त्याला मेणानं बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे लांब कर्णा. वाजवणारा त्या वजनानं थोडा पुढे वाकलेला असतो. मुलांना वाद्याचा फोटो दाखवा, भोपळा कुठे आणि नळ्या कुठे हे बोटानं दाखवून घ्या, मग काढायला सांगा. फुगवटा नीट आला की वाद्य ओळखू येतं.

आता माहितीपत्रक. एका बाजूला रंगवायच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला ‘वारली संस्कृती’ आठ ओळींत. त्या आठ ओळींत वारली ‘जंगलात राहणारे प्राचीन लोक’ असतात, ‘साधं जीवन जगत’ असतात, आणि चित्रकला इसवी सनापूर्वी अमुक हजार वर्षांची असते. हा आकडा डब्यागणिक वेगळा. ही चित्रं मुळात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठीनं काढतात आणि ती पिठी काही पावसाळ्यांत उडून जाते, त्यामुळे या कलेचं वय असं छातीठोक सांगायला पुरावा उरत नाही. मध्य प्रदेशातल्या आदमगड-भीमबेटकाच्या गुहाचित्रांशी दिसणारं साम्य म्हणजे वयाचा दाखला नव्हे.

त्यापेक्षा वर्गात सांगण्यासारख्या, पक्क्या गोष्टी पुष्कळ आहेत. वारली समाज आज पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, मोखाडा या तालुक्यांत, नाशिकच्या काही भागांत, शेजारच्या दक्षिण गुजरातेत आणि दादरा-नगर हवेलीत राहतो. भातशेती करतो, वीटभट्टीवर आणि कारखान्यात जातो, मुलं शाळेत जातात. पालघर हा वेगळा जिल्हा २०१४ साली झाला, त्याआधीच्या पुस्तकांत ठाणे जिल्हा लिहिलेलं सापडेल. १९४५ साली याच वारल्यांनी गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. शाहू महाराजांच्या गावातल्या मुलांना वेठ म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, त्यांच्या इतिहासाच्या तासाला तो शब्द येतोच. डब्यात या उठावाचा उल्लेख नाही. मग मुलाच्या डोक्यात त्रिकोणी माणूस राहतो, तो काढणारा माणूस राहत नाही.

काढणाराही नुसता ‘तो’ नव्हता. ही चित्रं मुळात बायकांची. लग्नघरात सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, चौकात पालघट ही लग्नाची देवी असते, धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई गाणी म्हणत लग्न लावते. पुरुष चित्रकार पुढे आले ते १९७० नंतर, चित्रं कागदावर आणि शहरात येऊ लागली तेव्हा. त्यांत जिव्या सोमा म्हसे यांचं नाव पहिलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळ राहून त्यांनी आयुष्यभर काम केलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं असूनही ‘अस्सल वारली’ छापलेल्या डब्यावर एकाही चित्रकाराचं किंवा पाड्याचं नाव सापडत नाही. आकृती कुणाच्या चित्रावरून उचलली, त्याला काही दिलं का, याचा पत्ता नाही. आमच्या मते डबा न घेण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

चौकाबद्दल थोडं. काही डब्यांत चौकाची नक्षी कोस्टरची किनार म्हणून दिलेली असते, म्हणजे लग्नातल्या देवीवर चहाचा कप ठेवायचा. स्वतः वारली चित्रकार चौक कागदावर काढतात, विकतातही, त्यामुळे काढू नये असा नियम सांगायचा आमचा इरादा नाही. पण सहावीच्या वर्गात दोन तासांत त्याचा अर्थ पोचवणं कठीण आहे. चौक चित्रांत पाहावा, समजून घ्यावा, आणि काढायला भाताची लावणी, मळणी, मासेमारी, ताडावर चढणारा माणूस, नाच असे विषय द्यावेत. लावणी तर राधानगरी-गगनबावड्याकडून येणाऱ्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. बाईचं वाकणं आणि रोप टोचणारा हात ती बिनचूक काढतात.

आता सुट्या सामानाकडे. हिशोब चाळीस मुलांचा, प्रत्येकाला ३० बाय ४५ सेंटिमीटरचा तुकडा.

कापड मांजरपाट घ्या. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर असल्यानं कोरं जाडंभरडं कापड इथं स्वस्त मिळतं. ९० सेंटिमीटर पन्ह्याचं सात मीटर पुरतं: आडवे तीन तुकडे बसतात, चौदा ओळींत बेचाळीस होतात, उरलेलं आटण्यात जातं. कोऱ्या कापडाला खळ असते. ती गरम पाण्यात रात्रभर भिजवून, चुबकून काढलीच पाहिजे. नाहीतर गेरू वरच्या वर बसतो आणि कापड दुमडलं की रेघेरेघेनं तडकतो. धुवून, वाळवून, मगच कापायचं. आधी कापलं तर कडांचे दोरे सुटतात आणि माप आटतं.

चित्रामागच्या लाल रंगासाठी गेरू एक किलो. किराणा मालाच्या किंवा रंगाच्या दुकानात सुटा मिळतो, कुठे त्याला काव म्हणतात. खडे असतील तर कुटून जुन्या ओढणीतून वस्त्रगाळ करून घ्या, कारण एक खडा राहिला तरी रेघ ओढायची बांबूची काडी तिथेच अडखळते. किलोभर गेरूला पाव किलो फेविकॉल आणि सव्वा लिटर पाणी. आधी फेविकॉल थोड्या पाण्यात विरघळवायचा, मग गेरू, मग उरलेलं पाणी. दोन इंची ब्रशनं पातळ असे दोन हात द्यायचे, पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये पहिला पूर्ण वाळू द्यायचा. ज्यांना जमीन, म्हणजे चित्रामागचा थर, शेणमातीची करायची आहे त्यांनी जरूर करावी, कोल्हापुरात ताज्या शेणाची अडचण नाही. फक्त शेण गाळून घ्या आणि त्यातही थोडा फेविकॉल घाला, नाहीतर कापडावरून भुगा गळत राहतो.

दुसरा हात वाळला की अंगठा जोरात घासून बघायचा. अंगठा लाल झाला तर चिकटवण कमी पडलं. यावर पांढरी रेघ ओढली की गेरू विरघळून वर येतो आणि चित्र गुलाबी होतं. अशा वेळी फेविकॉलचं पाणी, एकास सहा, हलक्या हातानं एकदा फिरवा. उलट जमीन चमकायला लागली तर चिकटवण जास्त झालं. मग पिठी पकड घेत नाही आणि वाळल्यावर पोपडे येतात. त्यावर नुसत्या गेरूच्या पाण्याचा एक पातळ हात बसतो.

पांढऱ्यासाठी पाव किलो जाडा तांदूळ. बासमती, कोलम कशाला. रेशनचा सगळ्यात चांगला. रात्रभर भिजवून पाणी काढून टाकायचं आणि कपभर ताजं पाणी घालून मिक्सरमध्ये अगदी गंधासारखा वाटायचा. बोटांत चोळल्यावर कण लागला तर पुन्हा वाटायचा आणि मलमलमधून गाळायचा. डिंक पंचवीस ग्रॅम, लाडवांसाठी मिळतो तोच बाभळीचा, आदल्या रात्री अर्धा कप पाण्यात भिजवून, सालीचे तुकडे गाळून पिठीत मिसळायचा. दाटपणा असा हवा की काडी बुडवून उभी धरली तर थेंब लोंबावा, पण लगेच गळू नये. प्रत्येकाला तीन चमचे पुरतात. चार मुलांत एक वाटी ठेवा.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, पिठी खाली बसते. मूल वरच्यावर काडी बुडवतं, नुसतं पाणी लागतं आणि ‘सर, उमटतच नाही’ सुरू होतं. दर दोन-तीन रेघांनी ढवळायची सवय लावावी लागते. दुसरी गडबड याच्या उलट. तांदळाची पिठी ओली असताना जवळपास दिसत नाही, पाच-सात मिनिटांनी वाळली की पांढरी होते. मुलांना धीर नसतो, तीच रेघ चार वेळा गिरवतात, थर जाड होतो आणि वाळताना भेगाळतो. पहिल्याच मिनिटाला सगळ्यांना एक रेघ ओढायला लावा आणि ती पांढरी होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बघत बसायला सांगा. एकदा बघितलं की पटतं. तिसरं म्हणजे वास. फेब्रुवारीनंतर उरलेली पिठी दुसऱ्या दिवशी आंबते. लागेल तेवढीच वाटा, उरलेली फ्रिजमध्ये ठेवा.

काड्या बुरुडाकडून चिरून आणा, पेन्सिलीपेक्षा बारीक, वीतभर लांब. एक टोक दोन तास पाण्यात ठेवून साधारण सेंटिमीटरभर दगडानं हलकं ठेचायचं. तंतू सुटले की ब्रश तयार. जास्त ठेचलं तर झाडू होतो. ठिपक्यांना, बोटांना, पक्ष्याच्या चोचीला खराट्याचा हीर उत्तम. हिराला डब्यातला कुठलाच ब्रश पुरा पडत नाही.

माणूस काढायचा क्रम मुलांना फळ्यावर नको, कापडावरच दाखवा. आधी वरचा त्रिकोण, टोक खाली. मग त्याच टोकाला टोक लावून खालचा, जरा लहान. टोकं नीट जुळली की कमर येते, आणि खालचा त्रिकोण किंचित बाजूला सरकवला की माणूस चालायला, वाकायला, नाचायला लागतो. टोकं जाड जुळली तर डमरूचा पेला होतो. मग मान म्हणून बारीक रेघ, तिच्यावर डोकं, बाईला मागे अंबाड्याचा ठिपका. बहुतेक मुलं डोकं थेट खांद्यावर ठेवतात, बिनमानेचे पैलवान तयार होतात. गावचा गुण म्हणा हवं तर. हात-पाय सगळ्यात शेवटी, कारण हालचाल कुठे आहे हे तोवर कळलेलं असतं.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या तयारीतली मुलं असतील तर वेगळीच पंचाईत होते. संकल्पचित्राच्या सरावानं त्यांचा हात पट्टीकडे जातो. आकार आधी पेन्सिलीनं आखायचे, दोन्ही बाजू सारख्या करायच्या, रंग सपाट भरायचा. इथे पेन्सिल, पट्टी, कंपास तिन्ही काढून ठेवा. किंचित थरथरणारी, कुठे जाड कुठे बारीक रेघ हीच या चित्राची जान आहे. काही डब्यांवर ‘ग्रेड परीक्षेला उपयुक्त’ असंही लिहिलेलं असतं. ते मनावर घेऊ नका.

वेळ धरताना एका तासिकेच्या भानगडीत पडू नका. खळ काढणं आणि गेरू हे आदल्या दिवशीचं काम, माणसांचा सराव आणि लहान दृश्य एका जोडतासात, मोठं चित्र दुसऱ्या जोडतासात. जुलै-ऑगस्टमध्ये हा उद्योग कोल्हापुरात करूच नका. गेरूचा एक हात वाळायला दिवस जातो आणि ओल्या पिठीवर बुरशी धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचं.

सगळा खर्च जमेस धरून चाळीस मुलांचं हे सामान दीड-दोन हजारांत बसतं. चाळीस डब्यांना बारा ते सोळा हजार जातात. उरलेल्या पैशांचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे वारली चित्रकाराला रीतसर मानधन देऊन तासभर व्हिडिओ कॉलवर बोलावणं, किंवा त्यांच्याकडून एक लहान मूळ चित्र विकत घेऊन वर्गात लावणं. आकृती बारीक रेघांनी कशी भरलेली असते, हे मुलांना छापील कार्डावर कळत नाही, मूळ चित्रावर नाक लावून बघितलं की कळतं.

डहाणू आपल्याला लांब पडतं हे खरं. सहलच काढायची असेल तर सिंधुदुर्गातलं पिंगुळी जवळ आहे, कुडाळच्या अलीकडे-पलीकडे. फोंडा घाटानं पहाटे निघालं तर एका दिवसात होतं. तिथला ठाकर समाज चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगणं, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा सांभाळून आहे, आणि परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. ही वेगळी कला, वेगळा समाज. वारलीच्या जोडीला दाखवा, पण दोन्ही एका तक्त्यावर ‘आदिवासी कला’ म्हणून चिकटवू नका.

प्रदर्शनात पाटी लिहिताना ‘वारली चित्रे’ असं न लिहिता ‘वारली शैलीवरून इयत्ता सहावीच्या मुलांनी केलेलं काम’ असं लिहा, आणि ज्यांच्याकडून शिकलात त्या चित्रकाराचं नाव, गाव खाली घाला. चित्रं घडी न घालता, रंगाची बाजू बाहेर ठेवून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. आत घेऊन गुंडाळलं तर पिठी चिरडते. तांदूळ म्हटल्यावर झुरळं आणि कसर येणारच, तेव्हा सोबत कडुलिंबाचा वाळका पाला ठेवा आणि पावसाळ्याआधी एकदा उन्हाच्या कडेला, सावलीत, उलगडून ठेवा. वर्षानुवर्षं टिकवायची असतील तर पिठीऐवजी पांढरा पोस्टर कलर वापरा, त्यात चमचाभर फेविकॉल. डबा घेऊन ठेवलाच असेल तर त्यातली अ‍ॅक्रेलिकची ट्यूब या कामाला येईल, आणि कोस्टर गेरूच्या वाट्या ठेवायला.